शनिवार दुपारची चार मिनिटे

हिरामण, मंगळवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, सुरगाण्याहून नाशिकला येणाऱ्या जीपमध्ये, वणी सोडल्यानंतर तुम्ही शेजारच्या प्रवाशाच्या खांद्यावर कलंडलात. सात पन्नासला दिंडोरीत डॉक्टरांनी तुम्हाला मृत घोषित केले. दोन्ही वेळा तपासलेल्या आहेत. पहिली जीपचालकाने सांगितली, मागच्या सीटवर बसलेल्या शिक्षकांनीही तीच सांगितली. दुसरी कागदावर आहे.

तुमचे वय, घरचे लोक, किती वर्षे वार्ताहर होतात, अंत्यसंस्कार कुठे झाले, हे सगळे बुधवारच्या अंकात तिसऱ्या पानावर चार ओळींत आले. त्या ओळी मीच लिहिल्या. इथे पुन्हा लिहीत नाही. तुम्ही त्या वाचल्या असत्या तर एकच प्रश्न विचारला असता, की ताई, विशेषण एकही नाही, बरं, पण मग तिथं काय ठेवलं? काही ठेवले नव्हते. जागा नव्हती, हे खरे कारण नाही.

मला ही बातमी आठ वाजून पाच मिनिटांनी कळली. फोन दत्तूचा होता. ज्याच्या जीपने तुम्ही नेहमी यायचात आणि ज्याच्या हातून नागलीचे पापड पाठवायचात, तो दत्तू. तो म्हणाला, "ताई, हिरामणभाऊ गेले."

मी विचारले, "कुणी सांगितलं?"

तो म्हणाला, "मीच आणलं त्यांना, ताई."

त्यानंतर मी त्याला डॉक्टरांचे नाव विचारले. वेळ विचारली. फोन ठेवला आणि आणखी दोन ठिकाणी फोन करून खात्री करून घेतली. तोवर साडेआठ वाजले होते. त्या पंचवीस मिनिटांत मी रडले नाही, कारण माझ्या लेखी तुम्ही अजून गेला नव्हतात. दुजोरा मिळाला नव्हता.

तुमचा आणि माझा संबंध फोनवरचा. मी नाशिकच्या जिल्हा डेस्कवर उपसंपादक, तुम्ही सुरगाण्याचे वार्ताहर. एसटी स्टँडला लागून तुमचे झेरॉक्सचे दुकान. दुपारी दोनच्या सुमारास गिऱ्हाईक कमी झाले की तुम्ही फोन करायचात, आणि मागे झेरॉक्स मशीनची घरघर चालू असायची. प्रत्यक्ष भेटी मोजक्या झाल्या. तरी कुणी विचारले असते की या शहरात माझ्याशी सर्वांत जास्त वाद कोण घालते, तर मी ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच्या माणसाचे नाव सांगितले असते.

आमच्या डेस्कसमोरच्या भिंतीवर तीन प्रश्न लिहिलेला कागद आहे. कोणी पाहिले? कोणी सांगितले? दुसऱ्या कोणी दुजोरा दिला? कागद माझ्या आधीच्या माणसाने लावला. तो पिवळा पडला तेव्हा मी नवा लावला. तुम्ही पहिल्यांदा कार्यालयात आलात तेव्हा त्या कागदासमोर बराच वेळ उभे होतात. नंतर फोनवर म्हणालात, "ताई, सूर्य उगवला हे पण तुम्हाला तहसीलदाराकडून कन्फर्म करून लागतं का?" मी म्हणाले, तहसीलदार रजेवर असेल तर नायब चालेल. पुढे कितीतरी वर्षे सकाळी तुमचा संदेश असाच यायचा. सूर्य उगवला, नायबांचा दुजोरा बाकी.

वादाची सुरुवात एका शब्दावरून झाली. एका पाड्यावर म्हाताऱ्या जोडप्याचे घर जळाले होते. तुम्ही बातमी पाठवलीत आणि तिच्यात 'हृदयद्रावक' असे लिहिलेत. मी तो शब्द काढला आणि फोन करून सांगितले, की आपल्या पानावर घटना छापायची, आपले हृदय नाही. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "कापा. पण मग तिथं राहिलं काय?"

मी वाचून दाखवले. घर जळाले, दोन पोती नागली जळाली, दोन शेळ्या दगावल्या.

तुम्ही म्हणालात, "म्हातारी राखेतनं भांडी काढत होती. म्हातारा एकेक भांडं पुसून एकात एक ठेवत होता. मोठं खाली, बारकं वर. रोज जिथं ठेवायचा तिथंच. तिथं आता फळी नव्हती, ताई. भुईवरच ठेवत होता. ते बघून मी तो शब्द लिवला."

मी विचारले, मग हे का नाही लिहिले? तुम्ही म्हणालात, मला वाटले हे तुम्ही कापाल.

दुसऱ्या दिवशी ती भांडी छापून आली. त्या बातमीनंतर मी इतर तालुक्यांच्या वार्ताहरांनाही सांगू लागले, की विशेषण लिहू नका, ज्यामुळे ते सुचले ती गोष्ट लिहा. हा धडा डेस्कवर माझ्या नावावर आहे. तो तुमचा आहे, हे इथे नोंदवते. त्याच्यापुढे तुम्ही जे म्हणालात ते मात्र मी तेव्हा मानले नाही. तुम्ही म्हणालात, आत काहीतरी हलले म्हणून तुमचे लक्ष त्या म्हाताऱ्याच्या हाताकडे गेले. काही न हलता बघितले असते तर तुम्ही फक्त शेळ्या मोजून आला असता. तुमचे म्हणणे असे, की काय पाहिले ते बुद्धीने तपासावे, पण कुठे पाहायचे ते ती सांगत नाही. मी म्हणाले, हे ऐकायला बरे वाटते. तुम्ही म्हणालात, बरे वाटणे हा पण एक पुरावा धरा की. मी फोन ठेवला.

मग ती पिकअप उलटली. द्राक्षांच्या छाटणीसाठी तुमच्याकडची माणसे दिंडोरीकडे येतात. मजुरांनी भरलेली गाडी घाटात पलटी झाली. दुपारी पोलिसांनी दोन मृतांची नावे दिली. दोन गंभीर जखमींना नाशिकला हलवले होते. संध्याकाळी सहाला तुमचा फोन आला. तुम्ही हळू बोलत होतात.

"तिघं गेले, ताई."

मी विचारले, कोणी सांगितले. तुम्ही म्हणालात, कुणी नाही. नाशिकला नेलेल्या एका पोराच्या घरी तुम्ही गेला होतात. त्याच्या आईला कुणी काही सांगितलेले नव्हते. पण संध्याकाळ झाली तरी तिने चूल पेटवली नव्हती. मेलेल्या माणसाच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, हे मलाही माहीत होते.

मी म्हणाले, "हिरामण, चूल हा सोर्स नाही."

मी नाशिकच्या रुग्णालयातल्या एका अधिकाऱ्याला फोन केला. दोघांची प्रकृती स्थिर आहे, असे त्याने सांगितले. त्याच्याकडे दुपारची माहिती होती, हे नंतर कळले. मी 'प्रकृती स्थिर' असे छापले. सकाळी त्या पोराच्या वडिलांनी तुमच्या दुकानाबाहेर उभे राहून पेपर वाचला, चारचौघांना ती ओळ दाखवली, घरी जाऊन पोराचा धुतलेला शर्ट पिशवीत घातला आणि ते दत्तूच्या जीपमध्ये बसले. पोरगा घरी येताना त्याच्या अंगावर घालायला. तो आदल्या संध्याकाळी पाच वाजण्यापूर्वीच गेला होता.

हे तुम्ही मला चौथ्या दिवशी सांगितलेत. आवाज चढवला नाहीत. शर्ट कोणत्या रंगाचा होता तेवढे सांगितलेत. आकाशी.

मी तीन प्रश्नांप्रमाणे वागले होते. अधिकृत माणसाला विचारले होते. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा त्यालाच विचारीन, असे मी तुम्हाला म्हणाले. तुम्ही म्हणालात, विचाराच. पण 'स्थिर' लिहिण्याच्या ऐवजी 'उपचार सुरू आहेत' एवढे लिहिले असते तर पोराचा बाप शर्ट घेऊन निघाला नसता. मी तुमच्यावर विश्वास ठेवावा अशी तुमची अपेक्षाच नव्हती. तुम्ही सांगितलेल्यामुळे मी थोडी साशंक व्हावे, एवढीच होती. हे मला फार उशिरा समजले. तेव्हा मी फक्त तुमच्या बाजूला एक गुण जास्त धरला, आणि त्यातून पुढची चूक झाली.

एका पाड्यावरची तरुण बाई घरातून नाहीशी झाली. तुम्हाला ते कळले आणि दहा मिनिटांत तुमचा फोन आला. आवाज चढलेला होता. "नवऱ्यानं मारलंय तिला. माझं मन मला सांगतंय. तुम्ही लिवा." मी तीन प्रश्न विचारले. एकाचेही उत्तर तुमच्याकडे नव्हते. पण माझ्या डोळ्यांसमोर आकाशी शर्ट होता. मी वाक्य जाऊ दिले. पतीच्या वागण्याविषयी गावात संशय व्यक्त होत आहे, असे ते वाक्य. गावात म्हणजे कोण, तर तुम्ही एकटे. छापून आल्यावर मात्र तो सगळ्या गावाचा संशय झाला.

चौथ्या दिवशी ती बाई गुजरातेतल्या बिलिमोऱ्याहून परत आली. भांडण झाले म्हणून मावसबहिणीकडे गेली होती, तिथे कामालाही लागली होती. तोपर्यंत तिच्या नवऱ्याला लोकांनी मारले होते. त्याचा डावा कान ऐकण्यातून गेला. आम्ही आतल्या पानावर सहा ओळींचा खुलासा छापला.

तुम्ही त्या माणसाच्या घरी गेलात, बातमी कुणी दिली ते स्वतः सांगितलेत. त्याने तुम्हाला दारातून हाकलले. तुम्ही पुन्हा गेलात. तिसऱ्यांदा त्याने बसायला सांगितले. त्यानंतर दर शिमग्याला तुम्ही त्याच्याकडे जात होतात आणि नेहमी त्याच्या उजव्या हाताला बसत होतात. हे तुम्ही मला कधीच कळू दिले नाहीत. दत्तूने सांगितले.

त्या प्रकरणानंतर नाशिकला आलात तेव्हा कार्यालयाखालच्या टपरीवर आपण चहा घेतला. मी मनात जुळवून ठेवलेले वाक्य बोलून टाकले. "तुमचं मन एकदा बरोबर आलं, एकदा चुकलं. याला ज्ञान म्हणत नाहीत, हिरामण. नाणं उडवणं म्हणतात."

तुम्ही म्हणालात, "तुमचा अधिकारी पण एकदा चुकला. त्याला काय म्हणायचं?"

मी म्हणाले, त्याची चूक सापडते, का झाली ते कळते. तुमच्या मनाची चूक कशी शोधणार? तुम्ही उरलेला चहा संपवून कप खाली ठेवलात. मला वाटले वाद मी जिंकला. मग तुम्ही सावकाश, स्वतःलाच तपासत असल्यासारखे बोललात.

"दोन्ही वेळेला मला कळलं असं वाटलं. पण दोन्ही वेळा सारख्या नव्हत्या, ताई. बाई नाहीशी झाली तेव्हा मला राग आला होता. राग आला की मी लगेच फोन लावतो, दम निघत नाय. चुलीच्या वेळेला मी फोन हातात धरून अर्धा तास बसलो होतो. नंबर काढायचो, ठेवायचो. खरं कळलेलं असलं ना, की हात उचलत नाय. ते खोटं ठरावं असं वाटत असतं."

मी विचारले, हा काय नियम झाला का? तुम्ही हसलात. म्हणालात, चौथा प्रश्न म्हणून भिंतीवर लावा. कोणाचा हात उचलला नाही? मीही हसले. भिंतीवर लावला नाही.

आणखी एक गोष्ट मी कधी कबूल केली नाही. माझी आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी कामावर आले. घरी बसून काय करायचे होते. डेस्कवर सगळे माझ्याशी जपून बोलत होते, म्हणून मी कुणाशीच बोलत नव्हते. दुपारी तुम्ही येऊन समोरच्या खुर्चीवर बसलात. त्या दिवशी नाशिकला तुमचे दुसरे काही काम नव्हते. पापडांचे पुडके टेबलावर ठेवलेत. सांत्वन केले नाहीत. अर्ध्या तासाने म्हणालात, "ताई, तुम्ही मघापासून एकाच ओळीवर आहात."

मी पाहिले. खरेच होते. येवल्याच्या बाजारातल्या कांद्याच्या भावाची ओळ होती, आणि माझा हात माऊसवर थांबलेला होता.

तुम्ही म्हणालात, "आई गेली याला पण दोन सोर्स लागतात का तुम्हाला?"

दुसऱ्या कुणी हे म्हटले असते तर मी उठून गेले असते. मी उठले नाही. तुम्ही उरलेले पान वाचून दाखवलेत, मी ऐकून दुरुस्त्या सांगितल्या आणि आपण ते पान संपवले. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. आज मानते. उपयोग नाही, तरी मानते.

आता शनिवार.

फोनमधल्या नोंदीप्रमाणे आपले बोलणे एक वाजून सहा मिनिटांनी सुरू झाले आणि चार मिनिटे बारा सेकंद चालले. तुम्ही विचारलेत, कामात आहात का. मी म्हणाले, बोला. तुम्ही म्हणालात, बातमी नाय. मागे झेरॉक्स मशीनचा आवाज नव्हता. हे माझ्या लक्षात आले होते. मी त्याचा विचार केला नाही.

तुम्ही म्हणालात, बरे वाटत नाही. मी विचारले, कुठे दुखते. पाठीत थोडे, म्हणालात, गुरुवारपासून. छातीत? नाही. घाम? नाही. ईसीजी काढला का? शुक्रवारी काढला, नॉर्मल आला. बीपी? थोडे वाढलेले, गोळी दिली आहे. मी विचारले, मग?

"मग काय नाय. भ्या वाटतंय."

"कशाचं?"

"ते सांगता येत नाय, ताई. घरात बसलेलो असावं आणि दारात कुणी येऊन उभं राहावं, तसं. वळून बघितलं तर कुणी नाय."

मी म्हणाले, "हिरामण, भीती हे लक्षण नाही. रिपोर्ट नॉर्मल आहे ना?"

"हाय."

मी सांगितले, तरी नाशिकला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवू. रविवारी दवाखाना बंद, सोमवारी गर्दी असते, मंगळवारी साडेदहाची वेळ घेते. चालेल ना? चालंल, म्हणालात. मी म्हणाले, मध्ये काही झाले तर फोन करा. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "झालं तर दत्तू करील."

मी पण हसले. फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकाचे पान लावायला घेतले.

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता दवाखान्यातून फोन आला, पेशंट येणार आहे ना. मी म्हणाले, नाही. बुधवारी मी स्वतः त्या डॉक्टरांकडे गेले. शनिवारी तुम्ही सांगितलेले सगळे, तुमच्याच शब्दांत, त्याच क्रमाने सांगितले. दारात उभे राहिलेल्या माणसाचे सांगितले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले.

ते म्हणाले, काही पेशंटना झटक्याच्या आधी अशी भीती वाटते. कारण सांगता येत नाही, पण काहीतरी वाईट होणार असे वाटत राहते. हे आम्हाला शिकवलेले असते, पुस्तकात आहे. पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. पेशंट असे म्हणाला तर आम्ही त्याला घरी पाठवत नाही, बसवून ठेवतो, पुन्हा तपासतो.

मी विचारले, "म्हणजे भीती हे लक्षण आहे?"

"आहे."

मी विचारले, शनिवारी निघाले असते तर? डॉक्टर म्हणाले, ते सांगता येत नाही.

या दोन उत्तरांपैकी दुसरे खरे आहे म्हणून पहिले हलके होत नाही. तुम्ही वाचला असतात असे मी म्हणू शकत नाही. त्याला पुरावा नाही. पण शनिवारी तुम्ही मला एक माहिती दिली होती, आणि ती मी तुमचे वाटणे समजून बाजूला ठेवली. ती माहिती पुस्तकात होती. मी पुस्तक वाचलेले नव्हते. तुम्हीही नव्हते वाचलेले, पण ते तुमच्या अंगात घडत होते. आपल्या दोघांत त्या दिवशी ज्याला कळत होते तो भीतभीत बोलत होता, आणि जिला कळत नव्हते ती खात्रीने.

मी तर्काने वागले असे मला वाटत होते. खरे तर तर्काने इतकेच विचारायला हवे होते, की जो माणूस चौदा वर्षांत एकदाही स्वतःविषयी बोलायला फोन करत नाही, तो आज का करतो आहे. हा प्रश्न भावनेचा नव्हता. साध्या पडताळणीचा होता. तो मला सुचला नाही, कारण त्यासाठी आत काहीतरी हलावे लागते, आणि मी पान लावत होते.

बुधवारी संध्याकाळी मी शनिवारच्या सगळ्या नोंदी पाहिल्या. दहा बावन्नला तुमचा एक मिस्ड कॉल, एका रिंगचा. अकरा चाळीसला दुसरा, तोही एका रिंगचा. मग एक वाजून सहा मिनिटांचा फोन. पहिले दोन मी त्याच दिवशी पाहिले होते. सुरगाण्याला रेंजचा त्रास नेहमीचाच, म्हणून सोडून दिले होते.

कोणाचा हात उचलला नाही? हा प्रश्न मी भिंतीवर लावायला नकार दिला होता.

तरीही, हिरामण, मी डेस्कवरचा नियम बदललेला नाही. काल एका वार्ताहराने मला फोनवर सांगितले, की अमुक माणसाने केले असणार, बघूनच कळते. मी त्याला तेच तीन प्रश्न विचारले, आणि बातमी थांबवली. एका माणसाचा कान माझ्या वाक्यामुळे गेला आहे, हे तुमच्या जाण्याने पुसले जात नाही. शर्टही पुसला जात नाही. दोन्ही घेऊनच काम करायचे आहे. आपला वाद तुम्ही जिंकलात असे लिहिले तर तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही म्हणाल, कुणी सांगितलं?

गुरुवारी मी सुरगाण्याला आले. मंगळवारी अंत्यसंस्काराला आले नाही. पान लावले. दत्तूच्याच जीपने आले. तुम्ही त्या दिवशी ज्या जागी बसला होतात, चालकाच्या मागे खिडकीशी, ती जागा त्याने मला दिली. वाटेत मी त्याला विचारत गेले आणि तो सांगत गेला. गाडी पावणेसहाला सुटली. बोरगावला चहासाठी थांबले तेव्हा साडेसहा वाजले होते. तुम्ही चहा घेतलात, बिस्कीट घेतले नाहीत. सूर्य वर येत होता, तो दाखवून तुम्ही दत्तूला म्हणालात, ताईला सांगायचं का? त्याला ते समजले नाही. मला समजले.

तुमच्या ओट्यावर पाच-सहा माणसे बसली होती. त्यांत एकजण मान एका बाजूला वळवून ऐकत होता. मी त्याला यापूर्वी पाहिलेले नव्हते, तरी ओळखले. जाऊन त्याच्या उजव्या हाताला बसले आणि माझे नाव सांगितले. त्याने ते पूर्वी वाचलेले होते की नाही, माहीत नाही. तो म्हणाला, "भाऊ लय चांगला माणूस होता." मी हो म्हणाले. आणखी काही म्हणायला हवे होते. म्हटले नाही.

आत यमुनाताई, तुमच्या पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. घरात गॅस आहे, पण सकाळची भाकरी अजून चुलीवरच होते, हे तुम्ही मला कधीतरी सांगितले होते. चूल तिथेच, त्यांच्यासमोर होती. मी त्यांना तुमच्याविषयी विचारले. शनिवारी सकाळपासून तुम्ही फोन हातात धरून बसला होतात, दुकान उघडले नव्हते, असे त्या म्हणाल्या. शनिवारी मी तुम्हाला काय सांगितले होते, ते मी त्यांना सांगितले. सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

मग मी मंगळवारच्या सकाळचे विचारले. त्या म्हणाल्या, चहा झाला, तुम्ही चप्पल घातली, दारात थोडे थांबलात आणि निघालात. भाकरीचे पीठ काढून ठेवलेले होते.

"गाडी गेली आन् मी लाकडं मागं ओढली. पाणी टाकलं."

मी विचारले, का? त्या म्हणाल्या, माहीत नाही.

मी उठून शेजारच्या घरी गेले. सोनीबाई तिथे एकट्या राहतात. मंगळवारी सकाळी त्या तुमच्याकडे विस्तव न्यायला आल्या होत्या. किती वाजता, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, सहाची एसटी नुकतीच गेली होती. चुलीत विस्तव नव्हता, राख ओली होती, असे त्यांनी सांगितले.

तुमच्या मृत्यूची बातमी घरी पोचली ती सव्वाआठ वाजता.